मुलीला परत जायचंय, मुलाला समुद्र सोडवत नाही

पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका ४४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पती हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. मुलगी आता १६ वर्षांची आहे, मुलगा १३ वर्षांचा. शहरातलं घरभाडं एका पगारात झेपेना, शिवाय त्या घरात जीव गुदमरायचा. म्हणून दहा महिन्यांपूर्वी नोकरीत बदली मागून घेऊन त्या मुलांसह समुद्रकाठच्या एका लहान गावात राहायला आल्या. मुलांना सांगितलं ते बदलीचा आदेश हातात पडल्यावर. ‘दोघांनाही नव्याने सुरुवात करता यावी, एवढाच हेतू होता,’ असं त्या लिहितात.

मुलगी इथे रमलेली नाही. सुट्टीत आलेल्या एका मुलीशी तिची घट्ट मैत्री झाली होती. ती महिन्याभराने निघून गेली आणि हिने खोलीचं दार लावून घेतलं. आता ती म्हणते, शाळेची उरलेली दोन वर्षं मला मावशीकडे, जुन्या शहरात काढू दे. भांडणाच्या भरात म्हणाली, ‘बाबा गेले, आणि बाकीचं सगळं तू काढून घेतलंस.’ मुलगा काहीच म्हणत नाही. तो रोज संध्याकाळी एकटा समुद्रावर जाऊन बसतो आणि अंधार पडल्यावर घरी येतो. आईने बंदी घातली, तर न सांगता जाऊ लागला. त्यात भर म्हणजे, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर पत्रलेखिका अधूनमधून फिरायला जातात आणि ही गोष्ट मुलीला वर्गातल्या कुणाकडून तरी कळली.

‘मी आजवर एकदाही मुलांसमोर रडले नाही. मुलीला पाठवू का? की सगळ्यांनीच परत जावं? इथे येणंच चुकलं का माझं?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो वाटेतून बाजूला होईल. नाही, तिथे जाणं चुकलं नाही. एका पगारावर तीन माणसांचं घर चालवायचं, नोकरी टिकवायची आणि भाडं कमी करायचं, तर तुमच्यापुढे फार वाटा नव्हत्या. जोडीदार गेलेल्या माणसाला सगळे सांगतात की वर्षभर मोठा निर्णय घेऊ नकोस. थांबण्याची ऐपत असेल त्याच्यासाठी हा सल्ला ठीक आहे. भाडं कुणासाठी वर्षभर थांबत नाही. आणि तरीही तुम्ही वर्षाहून जास्त थांबलातच. तेव्हा गाव निवडल्याबद्दल स्वतःला दोष देणं बंद करा.

मला अडतं ते ‘नव्याने सुरुवात’ या दोन शब्दांपाशी. ती सुरुवात तुम्हाला हवी होती, आणि तुम्हाला ती हवी असण्यात गैर काही नाही. पण मुलांना ती हवी होती का, हे पत्रात कुठेच नाही. तुमची मुलगी तेव्हा १५ वर्षांची होती. त्या वयात मैत्रिणी, शाळेचा रस्ता, ठरलेला कट्टा, कुणाशी कधी बिनसलं त्याचा इतिहास, हे सगळं आईबापांनी दिलेलं नसतं. ते मुलांनी स्वतः जमवलेलं असतं. वडील गेले तेव्हा नेमकं हेच तिच्यापाशी उरलं होतं, आणि वर्षभरात तेही सुटलं. वडिलांचं जाणं कुणी ठरवलेलं नव्हतं. शहर सोडणं मात्र तुम्ही ठरवलंत. मग सगळा राग कुठे येऊन थांबणार? जी व्यक्ती समोर आहे, रागावलं तरी सोडून जाणार नाही अशी जिच्याबद्दल खात्री आहे, तिच्याच दारात. तिचं ते वाक्य बोचणारं आहे, पण पुन्हा वाचून बघा. ‘बाकीचं सगळं’ या शब्दांत तिने आपल्या हिशोबात काय काय धरलंय, हे तुम्ही तिला अजून विचारलेलं नाही.

अमेरिकेत विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ शाळकरी मुलांशी, त्यांच्या घरच्यांशी दोन वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा बोलून मोठा अभ्यास केला होता. बहुतेक मुलं सावरली. पण काहींचा त्रास पहिल्या वर्षात दिसलाच नाही, तो दुसऱ्या वर्षात वर आला. मुलं कशी सावरतात हे सर्वांत जास्त कशावर अवलंबून होतं, तर मागे राहिलेला पालक कसा उभा आहे यावर. आणि मृत्यूपाठोपाठ घरात जितके बदल, तितकं मुलांना जड गेलं. हे तुम्हाला टोचायला सांगत नाहीये. ‘दोन वर्षं झाली, आता तरी’ असा सूर पत्रात दोनदा येतो म्हणून सांगतेय. तुमच्या मुलांचं दुसरं वर्ष बदलीच्या सामानाबरोबरच सुरू झालं. घड्याळ तुम्ही मानताय त्यापेक्षा बरंच मागे आहे.

या घड्याळाच्या अपेक्षेलाही एक इतिहास आहे. दुःखाचे पाच टप्पे असतात, नकारापासून स्वीकारापर्यंत, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचा जिना म्हणून ते पुढे वापरले जाऊ लागले, आणि मग लोक एकमेकांना विचारू लागले की तू कितव्या पायरीवर आहेस. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र मला घरातल्या अनुभवाशी अधिक जुळणारं वाटतं. त्यांच्या म्हणण्यानुसार माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत राहतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी बँकेची कामं, शाळेचा प्रवेश, हसणं, मालिका बघणं यांत असतो. दोन्ही बाजू लागतात. घोळ होतो तो घरातली तीन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूला असतात तेव्हा. तुम्ही सध्या कामाच्या बाजूला आहात, मुलगा आठवणीच्या. मुलगी दिवसातून कितीदा इकडून तिकडे जाते, देव जाणे.

आता तुमच्या न रडण्याबद्दल. त्यामागे किती कष्ट असतील याची मला कल्पना आहे. तुम्हाला वाटतं, मी खंबीर राहिले तर मुलं खंबीर राहतील. पण मुलांना काय दिसतं? बाबा गेले, आईने डोळ्यांत पाणी काढलं नाही, घर बदललं, बाबांचं नाव निघेनासं झालं. यातून मुलं एकच अर्थ काढतात, की हा विषय या घरात बंद आहे. मग आईला त्रास नको म्हणून तीही गप्प राहतात. प्रत्येक जण दुसऱ्याला जपत असतो आणि एकाच घरात तिघं एकेकटे पडतात. त्यांच्यासमोर कोसळा, असं मी म्हणत नाही. रात्रभर आईला सावरत बसण्याचं काम मुलांचं नाही. त्यासाठी बहीण, मैत्रीण, समुपदेशक असं मोठं माणूस हवं. पण भाजी चिरता चिरता डोळे भरून आले तर ‘कांदा’ म्हणू नका. ‘बाबांची आठवण आली’ म्हणा आणि चिरत राहा. तेवढं पुरतं.

सामान सगळं उघडलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण बहुतेक घरांत गेलेल्या माणसाचं एखादं खोकं तसंच बांधलेलं असतं. ते एकदा तिघांनी मिळून उघडा. मुलांना आपापल्या खोलीत काय हवं ते निवडू द्या. घड्याळ असेल, शर्ट असेल, मोडका चष्मा असेल. जुन्या समजुतीप्रमाणे गेलेल्याला ‘सोडून’ पुढे जायचं असतं. डेनिस क्लास, वर उल्लेख आलेल्या सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये या समजुतीलाच आव्हान दिलं: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते टिकवणं हा आजार नव्हे. तुमच्या मुलांच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. त्या गावात त्यांच्या बाबांना कुणीच ओळखत नव्हतं. दुकानदार, शिक्षक, शेजारी, कुणाच्याही बोलण्यात ते येणार नाहीत. जुन्या शहरात त्यांची आठवण रस्त्यावर सांडलेली होती. इथे ती फक्त तुम्हा तिघांजवळ आहे. तुम्ही गप्प राहिलात तर ती बोलणारं दुसरं कुणी नाही.

आणि एक वाक्य घरात येऊ देऊ नका: ‘आता तूच घरातला पुरुष.’ नातेवाईक हे तेरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणतात आणि निघून जातात. तुमच्या मुलाला कुणी म्हटलं असेल, तर ते त्याच्या डोक्यावरून तुम्ही स्वतः उतरवा. ‘घर चालवायला मी आहे, तू तेरा वर्षांचा राहा,’ इतक्या स्पष्ट शब्दांत.

त्याच्या समुद्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची भीती मला कळते. एक माणूस अचानक गेल्यावर दुसऱ्याला दहा मिनिटं उशीर झाला तरी काळजाचं पाणी होतं. पण बंदीचा परिणाम तुम्ही पाहिलात. आधी तो सांगून जायचा, आता न सांगता जातो, म्हणजे तुमच्या हातात होती ती माहितीसुद्धा गेली. बंदी उठवा, आणि तसं त्याला सांगा. पहिल्या दिवशी विचारा, ‘मी येऊ का?’ नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. बरोबर गेलात तर शेजारी बसा आणि प्रश्न विचारू नका. या वयाची मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत. दोघांची नजर एकाच दिशेला असली की कधीतरी एखादं वाक्य निघतं. गाडीत, भांडी घासताना आणि समुद्राकडे बघताना, या तीन जागी मुलं सर्वांत जास्त बोलतात असं माझं मत आहे.

पण बसणं वेगळं आणि पाण्यात जाणं वेगळं. समुद्राकाठी नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना पाण्याचा धाक असतो, पाण्याची माहिती नसते. ती तिघांनी मिळून करून घ्या. भरतीच्या वेळा रोज बदलतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे काल संध्याकाळी सहाला कोरडा असलेला खडक आठवड्याने त्याच वेळी पाण्याने वेढलेला असू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी एरवीपेक्षा वर चढतं आणि खालीही जास्त जातं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळवा, ते घरात दिसेल अशा जागी लावा आणि ते बघण्याचं काम मुलाकडे द्या.

दुसरी गोष्ट, किनाऱ्यावरून आत खेचणारी ओढ. लाटा फुटताहेत, फेस दिसतोय, आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतो. नवखा माणूस तिथेच पाण्यात उतरतो, कारण तिथे लाट नसते. बहुतेकदा ओढ तिथेच असते. तीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, माणूस थकून बुडतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हाक मारायची, जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यायचं आणि मग काठाकडे वळायचं. दुसरं कुणी सापडलं तर मागे उडी टाकायची नाही. तरंगेल असं काही फेकायचं आणि मदत बोलवायची. तलावात पोहता येणाऱ्यालाही समुद्र नवा असतो, म्हणून तिथल्या पाण्याची माहिती असलेल्या माणसाकडून त्याला शिकू द्या. मग नियम दोनच ठेवा: एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, आणि कुठे बसणार, कधी येणार हे सांगून जायचं. ‘जाऊ नको’पेक्षा हे दोन नियम पाळणं त्याला सोपं जाईल.

त्याला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो टाळू नका. मुलगा रोज एकटा बसतो, बोलत नाही, वडील अचानक गेलेत. ‘कधी असं वाटतं का, की आपण नसावं, जगू नये?’ हे थेट विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो ही समजूत खरी नाही; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ आलं, तो आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्याला एकटं ठेवू नका. झोप, जेवण, शाळा, मित्र यांतलं बरंचसं आठवड्यांमागून आठवडे बिघडलेलं असेल तरी मदत घ्या. लांबलेलं दुःख हे स्वतंत्र निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत २०२२ मध्ये आलं. मुलांच्या बाबतीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, पण नुसती मुदत उलटणं म्हणजे आजार नव्हे. जवळजवळ रोजची तीव्र ओढ आणि दैनंदिन जगणंच अडलेलं असणं ही त्याची खूण आहे. हे दोघांनाही लागू आहे. दार लावून बसणाऱ्या मुलीकडे लक्ष जातं; शांत मुलगा ‘काही त्रास देत नाही’ म्हणून नजरेतून निसटतो.

गावाबद्दल थोडं. समुद्रकाठच्या लहान गावांना दोन चेहरे असतात. हंगामात अनोळखी माणसांची गर्दी, आणि ती ओसरली की सगळे एकमेकांना ओळखणारे मोजके लोक. तुमच्या मुलीने पहिली मैत्री केली ती हंगामातल्या मुलीशी, आणि ती गेली. बाहेरच्याला ही एक सुट्टीतली ओळख वाटेल. पण जिला आधीच निरोपांची धास्ती बसली आहे तिच्यासाठी तो वर्षातला आणखी एक निरोप होता. त्याची दखल घ्या. ‘दुसऱ्या मैत्रिणी मिळतील’ असं म्हणू नका. मुली मिळतीलही, पण त्या वर्गात जन्मापासून एकत्र वाढलेल्या आहेत आणि त्यांचे कंपू भरलेले आहेत. नव्या मुलीला तिथे गप्पांतून शिरता येत नाही, कामातून येतं. खेळाचा संघ, नाटक, वाचनालय, किनारा स्वच्छ करणारी तुकडी, हंगामातलं एखादं छोटं काम; जिथे हाताला काहीतरी असतं आणि तीच माणसं दर आठवड्याला भेटतात, अशी एक जागा शोधायला तिला मदत करा. एकच, चार नकोत.

लहान गावाचा दुसरा गुण म्हणजे तिथे बातमी चालत नाही, धावते. ‘वडील वारलेली ती मुलं’ ही ओळख त्यांच्या आधी शाळेत पोचलेली असणार. दोघांना विचारा, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, किती सांगायचं? एक छोटं वाक्य तिघं मिळून ठरवा आणि तेच तिघांनी वापरा. शिक्षकांना काय सांगायचं, हेही मुलांना विचारून सांगा.

यातूनच तुमच्या सहकाऱ्याचा विषय येतो. त्यात अजून काही नाही असं तुम्ही लिहिता, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. काही असतं तरी तो गुन्हा नव्हता. मुलीला लागलंय ते तुमचं फिरायला जाणं नव्हे, असा माझा अंदाज आहे. बदली तिला आदेश निघाल्यावर कळली. वडील गेल्याची बातमीही बहुधा सगळ्या मोठ्यांना कळल्यावर कळली असेल. आणि हे कळलं वर्गातून. तिच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी गोष्ट तिला सर्वांत शेवटी कळते. गाव, बाबा, हे गृहस्थ, तुमची तीन वेगवेगळी भांडणं मला एकच दिसतात. तुम्ही मुलांना जपण्यासाठी सांगत नाही, आणि न सांगण्यामुळेच त्यांना असुरक्षित वाटतं.

तेव्हा आधी हे बोला. स्पष्टीकरण नको, बचाव नको. ‘बदली मागायच्या आधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पैशाची चिंता होती आणि त्या घरात मला राहवत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. यापुढे आपल्या तिघांवर परिणाम होणारी गोष्ट तुम्हाला बाहेरून कळणार नाही.’ त्या गृहस्थांबद्दल जेवढं खरं आहे तेवढंच सांगा: ‘मला त्यांच्याशी बोलून बरं वाटतं. याहून पुढे काही ठरलं तर आधी तुम्हाला सांगेन.’ परवानगी मागू नका. आईने कुणाशी बोलावं हे ठरवण्याचं ओझं सोळा वर्षांच्या मुलीला देणं बरं नाही. सांगणं आणि विचारणं यांत फरक ठेवा. आणि त्या गृहस्थांना इतक्यात घरी बोलावू नका, मुलांच्या अभ्यासात किंवा शिस्तीत तर मुळीच आणू नका.

आता मावशी. पहिला प्रश्न अगदी साधा आहे: मावशीला कुणी विचारलंय का? मुलीने मनात ठरवलं, तुम्ही मनात धास्ती घेतली, आणि ज्या घरात दोन वर्षं राहायचं त्या घरच्या बाईला पत्ताच नाही, असं पुष्कळदा घडतं. तिची जागा, तिची नोकरी, तिच्या घरातली माणसं, खर्च कोण करणार, रात्री उशीर झाला तर कोण ओरडणार, हे सगळं तिच्याशी मोकळेपणी बोला. ‘माझं काही नाही, तू सांगशील तसं’ असं ती म्हणाली, तर तो होकार धरू नका.

मग पुढच्या लांब सुट्टीत मुलीला तिथे राहू द्या. पाहुणी म्हणून नाही. मावशीच्या घरचे नियम, घरातलं काम, जमलं तर जुन्या शाळेची चौकशीही तिनेच करायची. तिच्या मनातलं शहर दहा महिन्यांपूर्वीचं आहे. मैत्रिणींचं मध्ये काहीबाही घडलं असेल, बाकावर तिच्या जागी दुसरं कुणी बसत असेल, जुन्या घराला दुसरं कुलूप असेल. आणि बाबा तिथेही नसतील. हे तुम्ही आधी सांगितलंत तर ती त्याला अडवणूक म्हणेल; ते तिला स्वतःला पाहू द्या. कदाचित ते पाहूनही ती म्हणेल की मला इथेच राहायचंय, माझी माणसं इथे आहेत. तर मग तिला जाऊ द्यावं असं माझं मत आहे. सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी नातेवाइकांकडे राहणारी मुलं पुष्कळ असतात, तो आईचा पराभव नसतो. पण शालेय वर्षाच्या सुरुवातीला जावं, मधेच नको. सहा महिन्यांनी तिघांनी बसून पुन्हा विचार करायचा, हे आधीच ठरलेलं असावं. आणि परत यायचं झालं तर ‘मी म्हटलं होतं ना’ हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. एक अट मात्र मी नक्की घालेन. भांडण चालू असताना ती जाता कामा नये. वर लिहिलेलं बोलणं आधी व्हायला हवं, नाहीतर ती मावशीकडे जाणार नाही, फक्त तुमच्यापासून दूर जाईल.

सगळ्यांनीच परत जाण्याचा पर्याय भावनेवर तपासू नका, कागदावर तपासा. तिथलं भाडं, इथलं भाडं, पगार, प्रवास, शिल्लक, परत बदली मिळण्याची शक्यता. आणि तो कागद मुलीला दाखवा. चिंता तिच्या गळ्यात घालायला नको, ‘आता तूच सांग काय करू’ असं तर नकोच. पण घर कशावर चालतं हे सोळाव्या वर्षी कळायला हरकत नाही. आकडे पाहिल्यावर ‘तू आमचं काढून घेतलंस’ या वाक्याला तिच्या मनातच थोडं उत्तर मिळेल. माझ्या मते इतक्या लवकर पुन्हा सगळा संसार हलवू नये. मुलाचं काय जुळतंय ते आत्ता कुठे जुळू लागलंय, तो किनाऱ्यावर का जातो हे अजून कुणाला माहीत नाही, आणि परत गेल्यावर जे मिळेल असं वाटतंय त्यातलं बरंच तिथे उरलेलं नाही.

हे सगळं ठरेपर्यंत घरात काय करायचं? अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात अर्विन सँडलर आणि सहकाऱ्यांनी तुमच्यासारख्या १५६ कुटुंबांच्या अभ्यासात त्यांतल्या काहींबरोबर एक कार्यक्रम राबवला होता. त्यात मागे राहिलेल्या पालकांना शिकवलेल्या गोष्टी फार साध्या होत्या: प्रत्येक मुलाबरोबर वेगळा, फक्त त्याचा असा थोडा वेळ, सल्ला न देता ऐकणं, चांगल्या वागण्याची दखल, आणि शिस्तीत सातत्य. कार्यक्रम संपल्यावर वर्षानुवर्षं, अगदी १५ वर्षांनीही, त्या कुटुंबांची पुन्हा पाहणी झाली आणि फायदा टिकलेला दिसला. यातलं शेवटचं बहुतेक पालकांकडून सुटतं. वडील नाहीत म्हणून कीव करून सगळं चालवून घ्यायचं, आणि एके दिवशी सहन न होऊन सगळ्यावर बंदी घालायची, हा झोका मुलांना फार त्रासदायक होतो. झोपेची वेळ, फोन, घरातलं काम यांचे नियम थोडेच ठेवा, पण ते चांगल्या दिवशीही आणि वाईट दिवशीही तेच असू द्या. वेगळा वेळ म्हणजे सहल नव्हे. मुलीबरोबर बाजारात जाऊन या, मुलाबरोबर वाळूत बसा, इतकंच.

आणि मावशीचा विषय मुलासमोर काढाल तेव्हा तो ठरल्यावर काढू नका. बहीण गेली तर त्या घरात तो आणि तुम्ही दोघंच उरणार आहात. त्याला काय वाटतं, हे या आठवड्यातच विचारा, मुलगी सुट्टीला निघण्याच्या आधी. तो बहुधा खांदे उडवून ‘जाऊ दे तिला’ म्हणेल. त्याला होकार समजू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ती गेल्यावर रोज फोन कधी करायचा, तिची खोली तशीच ठेवायची की नाही, तो तिला भेटायला कधी जाणार, हे त्या दोघांना आपसात ठरवू द्या. तुम्ही फक्त तिकिटाच्या पैशांची सोय करा.